मीठवालीला नाव नाही

पुस्तक मी फेकलं नाही, नुसतं पुढे ढकललं. पण आमच्या कॉलेजच्या वाचनालयातली नवी टेबलं भलतीच गुळगुळीत आहेत. ते सरळ पलीकडच्या कडेवरून खाली गेलं आणि असा आवाज झाला की प्रोजेक्टं घेऊन बसलेली सगळी डोकी वर आली. काउंटरवरच्या किशोरी मॅडम म्हणाल्या, "अनुया, पुस्तक आहे ते." मी म्हटलं, "माहितीये मॅडम." "लायब्ररीचं आहे का?" "नाही, माझंच आहे." "मग घरी नेऊन आपट," म्हणत त्यांनी परत मान खाली घातली. माझंच आहे म्हणताना मला स्वतःचा राग आला. माझं कसलं? बाबांनी पाठवलेलं. परवा थोरल्या बहिणीच्या, चारूताईच्या हाती, छोट्या छोट्या निळ्या डॉल्फिनच्या कागदात गुंडाळून. लहान मुलीच्या वाढदिवसाला आणतात तो कागद. मी टीवायला आहे. पण बाबा घरातून गेले तेव्हा मी चौथीत होते, आणि त्यांच्या डोक्यातली अनू अजून गळ्यात वॉटरबॅग अडकवून शाळेच्या गेटवर उभी असणार. तिला कुणीतरी सांगायला हवं की बाई गं, जा आता घरी, शाळा कधीच सुटली.

जाडजूड इंग्रजी कादंबरी. ग्रीक पुराणांवरून बेतलेली फँटसी. कव्हरवर खवळलेला समुद्र, वीज, आणि केस उडणारी एक मुलगी, जिचे केस कधीच तोंडात जात नाहीत. आत पहिल्या कोऱ्या पानावर बाबांचं ते तिरकं, देखणं अक्षर: 'अनू, सुरुवातीची प्रकरणं वाचून काय वाटलं ते मला सांग. भेटशील तेव्हा.' म्हणजे गृहपाठच. आणि मी अशी गुणी की गृहपाठ दिला की करतेच, देणारा कोण आहे हे न बघता. आज दुपारी भेटायचं होतं म्हणून सकाळपासून वाचनालयात बसून वाचत होते. खरं सांगायचं तर सुरुवात मला आवडली, आणि त्याचाच जास्त राग आला. दोरिया नावाची सोळा वर्षांची मुलगी एका बेटावर राहते. तिची आई समुद्राचं पाणी मोठमोठ्या कढयांत आटवून मीठ करते. लिहिणाऱ्याला मीठ कळलेलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. बोटांच्या पेरांना पडलेल्या चिरा, त्यांत झोंबणारं खारं पाणी, भाकरीलाही येणारी ती तुरट चव. उरणला जाताना बसच्या खिडकीतून मिठागरं दिसायची तेव्हा मी लहानपणी जीभ बाहेर काढून वारा चाटायचे, तो वारा मला त्या पानांत सापडला. दोन प्रकरणं मी कुठे बसलेय हेसुद्धा विसरले होते. मग माझ्या लक्षात आलं की दोरियाच्या बकरीला नाव आहे. देवळाच्या पुजाऱ्याला आहे, होडीला आहे, एका मेलेल्या कुत्र्यालाही आहे. आईला नाही. आई नुसती मीठवाली. मी मागे जाऊन परत चाळलं. कुठेही नाही.

तिथपर्यंतही मी स्वतःला आवरलं असतं. म्हटलं असतं, देईल पुढे. पण मग दोरियाला राग येतो. गावातली पोरं तिला बिनबापाची म्हणतात, आणि ती चिडल्याबरोबर समुद्र वर येतो, होड्या उलटतात, पोरं किंचाळत पळतात. पुजारी धावत येऊन तिच्या पाया पडतो. हा राग साधा नाही म्हणे, हा देवाचा राग आहे, तुझा बाप वाऱ्यांचा देव आहे. दोरिया विचारते, मग तो घरी का आला नाही? आणि पुजारी म्हणतो, वाऱ्याला घर नसतं, म्हणून कुणी वाऱ्याला दोष देतं का? इंग्रजीत हे वाक्य फारच देखणं आहे. त्याच्या खाली पेन्सिलीने बारीक रेघ मारलेली होती. बाबांनी. पुस्तक देण्याआधी त्यांनी ते वाचलं होतं, आणि मी काय वाचावं हे मला दाखवून ठेवलं होतं. त्या रेघेवर माझा तळहात पडला आणि पुस्तक गेलं टेबलावरून. मला राग आला की समुद्रबिमुद्र काही वर येत नाही. फार तर मिक्सरचं झाकण उडतं. आणि मग आई ते कुठे गेलं ते वाकून शोधते आणि म्हणते, अगदी बापावर गेलीय.

गोष्ट सांगावी तर बाबांनीच. हे मी अजूनही नाकारू शकत नाही. उशीवर कोपर टेकवून, गाल हातावर ठेवून ते झ्यूसचा आवाज काढायचे, आणि त्यांच्या दाढीच्या लोशनच्या वासात मला वीज दिसायची. त्या सगळ्या देवांची अर्धी पोरं जमिनीवर असायची, कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी आईपाशी. मी विचारलं होतं, बाबा, ते देव आपल्या पोरांकडे राहत का नाहीत? बाबा हसून म्हणाले होते, त्यांना कामं असतात गं. मग त्यांना मस्कतला काम लागलं. दोन वर्षं ते खरंच मस्कतला होते. नंतर नव्हते. ते पुण्यात आहेत हे आम्हाला शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या बहिणीने सांगितलं, तिला ते एका दुकानात दिसले होते, आणि एकटे नव्हते. आईने ते ऐकून घेतलं, काकूंना चहा दिला, आणि काकू गेल्यावर माझ्या दप्तरातून डबा काढून घासायला घेतला. बेलापूरचं विम्याचं ऑफिस, आमच्या शाळा, पालकसभा, चारूताईची टायफॉइडची पंधरवड्याची रजा, सगळं तिने एकटीने रेटलं. गळ्यात मंगळसूत्र तसंच, दारावरच्या पाटीवर बाबांचं नाव तसंच. तिने आदळआपट करायला हवी होती. एखादी वाटी तरी. आईचं हे न चिडणं मला वर्षानुवर्षं चावत आलं आहे. घरात जेवढा राग लागत होता तेवढा सगळा मग मला एकटीलाच करावा लागला.

आणि आता चारूताईचं लग्न. मुलगा चांगला आहे, निकेश, डोंबिवलीचा, जेवताना आपलं ताट आपण उचलतो. पत्रिका छापून आल्या त्यात सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, 'श्री. शैलेश व सौ. शशिकला यांची ज्येष्ठ कन्या'. मी म्हटलं, हे श्री. कोण? ताई म्हणाली, तुझा राग तू तुझ्या लग्नात काढ, माझ्या नको. तिला फोटोत बाबा हवेत. गेल्या वर्षी ते इकडे नव्या विमानतळावर कुठल्याशा कंपनीत लागले आणि उलव्यात राहायला आले, तेव्हापासून ती त्यांना चोरून भेटते, आणि चोरून भेटते हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. कामोठ्यातल्या आमच्या इमारतीवरून विमानं जातात. वाऱ्यांचा देव रिक्षाने यावं इतक्या अंतरावर येऊन राहिला होता आणि तरी घराची बेल वाजली नव्हती. मग लग्नाचं ठरवायला गुरुजी आले. पोहे खाता खाता म्हणाले, कन्यादानाला कोण बसणार? जोडी लागते. वडील हयात आहेत ना, मग ते आणि वहिनी. आई म्हणाली, ते इथे नसतात. मग मामा-मामी बसू देत, गुरुजी म्हणाले. आईने हळूच विचारलं, आणि मी? तुम्ही इथेच की, समोर! ते इतक्या प्रेमाने म्हणाले की जणू आईला पुढच्या रांगेतली खुर्ची दिली. मी म्हटलं, गुरुजी, समजा माणसाची बायको नसली तर? "मग सुपारी ठेवतात," ते म्हणाले. मग बाबांच्या जागी सुपारी ठेवा, मी म्हटलं. गुरुजी खूप हसले. हुशार आहे हो धाकटी, म्हणाले, पण ते बायकोच्या जागी चालतं, नवऱ्याच्या जागी नाही. मामीने मला पाणी आणायला आत पिटाळलं.

म्हणजे बघा. बायको सुपारीएवढी. आणि नवरा मात्र सदेह हवा, नाहीतर त्याच्या नसण्यामुळे बायकोही नाही. गुरुजी गेल्यावर कप विसळता विसळता आई म्हणाली, "अनू, मला बसायचंय." मी विसळलेला कप पालथा ठेवला. "त्यांच्यासाठी नाही गं. तिला मी वाढवलंय. तिच्या हातावर पाणी मीच सोडणार. तेवढ्यासाठी ते शेजारी येऊन बसणार असतील तर बसू देत. मला काही होत नाही." आईने आजवर कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं ते हे. ताईने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, येईन, पण अनूने स्वतः येऊन सांगितलं तर. तिने मला माफ केलंय असं वाटल्याशिवाय मी कुठल्या तोंडाने बसू? वा! गेले ते, आणि तोंड शोधून द्यायचं मी. म्हणून हे पुस्तक, म्हणून ही आजची भेट. सकाळी निघताना आईने पिशवीत पत्रिका आणि अक्षतांची पुडी घातली. "तुझ्या मॅडमना आणि सरांना देऊन टाक. नुसती पत्रिका टेकवू नकोस, अक्षत हातावर ठेव." मग थोडं थांबून, माझ्या ओढणीची पिन उगाच नीट करत, "आणि त्यांच्याशी भांडू नकोस. एवढंच म्हण, आईने बसायला बोलावलंय."

पुस्तक उचललं, त्याचा एक कोपरा दबला होता. किशोरी मॅडमना पत्रिका आणि अक्षत दिली. सकाळपासून वाचता वाचता मधूनच उठून हेच करत होते. समोर अक्षत धरली की माणसाचा हात आपोआप पुढे येतो, उजव्याखाली डावा, मग ते सर असोत नाहीतर झेरॉक्सवाला. आपण म्हणायचं, यायचं हं नक्की, आणि तो म्हणतो, हो हो, मुहूर्त किती वाजताचा? हे सगळं बाहेरच्यांसाठी. घरच्यांना कुणी अक्षत देत नाही. आईला कुणी दिली नाही, मला नाही, मामालाही नाही. त्याला दिली असती तर तो सरळ रुसून बसला असता की मला काय पाहुणा केलात? हे कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. भेटायचं ठरलं होतं त्या तलावापर्यंत मी कॉलेजातून चालतच गेले. रिक्षात बसले असते तर तिथे स्वस्थ बसावं लागलं असतं. ऊन पाठीवर, पुस्तक पोटाशी, आणि डोक्यात ते वाक्य. वाऱ्याला दोष देतं का कुणी? देतं. ज्याच्या घराचे पत्रे उडतात तो देतो. आईने म्हणायला सांगितलेलं वाक्यही मी मधूनमधून म्हणून बघत होते. आईने बसायला बोलावलंय. सोपं होतं. मी ते म्हणणारच होते.

तलावासमोरच्या उडप्याच्या हॉटेलात ते आधीच येऊन बसले होते. केस रंगवलेले, गळ्यात विमानतळाचं ओळखपत्र. बारीक झाले होते आणि ते त्यांना शोभत होतं, हाही अन्यायच. "किती उंच झालीस!" म्हणाले. मी म्हटलं, "दहावीपासून एवढीच आहे." ते हसले. "शिरा मागवू ना? तुला आवडतो." "कॉफी." मी त्यांना लहानपणी अरे-तुरे करायचे, आता अहो-जाहो कधी सुरू झालं ते माझं मलाच कळलं नाही. त्यांना मात्र ते कळलं, कारण पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. मग पुस्तकाकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "वाचलंस? सांग ना. पहिलं इम्प्रेशन सांग."

"बकरीला नाव आहे," मी म्हटलं.

"काय?"

"बकरीला नाव आहे. कुत्र्याला आहे. तिच्या आईला नाही."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "हो का? असेल. पण ती साइड कॅरेक्टर आहे गं. स्टोरी मुलीची आणि वडलांची आहे."

"सोळा वर्षं मीठ कुणी आटवलं?"

"अनू, मिथॉलॉजी अशी नाही वाचायची." ते अजून हसतच होते, पण प्रेमाने, वर्गातल्या हुशार पोराकडे बघावं तसं. "फार अँग्री रीडिंग करतेस तू. पण राग छान आहे तुझा. माझ्यासारखा आहे."

मी म्हटलं की मला तो पुजारी आवडला नाही. जो देव तिथे नाही त्याची बाजू मांडायला किती माणसं तयार असतात, आणि जी बाई तिथे उभी आहे तिच्याशी कुणी बोलत नाही. तिला एकदाही विचारत नाहीत की बाई, तुझं काय म्हणणं आहे. मी म्हटलं की न येणारा माणूस देव निघाला म्हणजे न येण्याचं पापच राहत नाही, ही तर फारच सोयीची गोष्ट झाली. माझा आवाज चढला होता, पलीकडच्या टेबलावरचा इडली खाणारा माणूस बघायला लागला होता. बाबांनी कोपर टेबलावर टेकवलं, गाल हातावर ठेवला. "पुढे वाच," हळू आवाजात म्हणाले. "शेवटी तो येतो गं. सगळं बेट वाकतं. तिची आईसुद्धा गुडघे टेकते त्याच्यासमोर, आणि तो तिला उठवतो. मी रडलो ते वाचताना." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आणि ते कोपर, तो आवाज. माझ्या छातीत काहीतरी सरळ त्यांच्याकडे झुकलं. मला वाटलं, पुढची गोष्ट सांगा ना बाबा, आवाज काढून सांगा. एवढं वाटलं म्हणून मला इतका राग आला की कॉफीचा कप मी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"आईने तुम्हाला पाटावर बसायला बोलावलंय," मी म्हटलं. म्हटलं बाई एकदाचं.

"माफ केलंस ना मला?"

"आईला बसायचंय."

"बसतो की. बाप आहे शेवटी मी." त्यांनी रुमालाने डोळे टिपले, मग घड्याळाकडे नजर टाकली. "फक्त एक आहे. रविवारी माझी दुपारची ड्यूटी आहे. कन्यादान झालं की मी निघेन. जेवायला नाही थांबणार. आणि पाठवणी वगैरे तर नकोच, मला ते झेपत नाही, तुला माहितीये मी किती हळवा आहे." आणि माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांची समजूत घालावी म्हणून. नाही हो बाबा, तुम्ही नका त्रास करून घेऊ, असं मी म्हणावं म्हणून.

मला एकदम सगळा हॉल दिसला. ते येणार, सिल्कचा कुर्ता काढून उपरणं घेणार, सगळे म्हणणार, आले हो शैलेशराव. आई त्यांच्या उजव्या बाजूला बसणार, मान खाली. त्यांच्या हातावरून पाणी पडणार आणि तिने वाढवलेली पोर ते दान करणार. मग ते निघून जाणार. पाठवणीला ताई रडणार ती आईच्या गळ्यात पडून. कढया घासायला मीठवाली आहेच. मी काय करतेय हे मला तेव्हा नीट कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण हात पिशवीत गेला, पत्रिका काढली, पुडी सोडली, आणि दिवसभर ज्या आवाजात बोलत होते त्याच गोड आवाजात मी म्हटलं, "रविवारी ताईचं लग्न आहे. यायचं हं नक्की."

त्यांचा हात पुढे आला. उजवा, त्याखाली डावा. मी चिमूटभर अक्षत त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"हो हो, नक्की," बाबा म्हणाले. पत्रिका उलटी करून पाहिली. "मुहूर्त किती वाजताचा? आणि हा हॉल नवीन पनवेलचाच ना? तिथे पार्किंग आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी अक्षत टिश्यू पेपरात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली, ओळखपत्रामागे. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन ते मला रिक्षापर्यंत सोडायला आले, डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, पुस्तक पूर्ण कर हं. मी रिक्षात बसले आणि हायवे येईपर्यंत हसत होते. एकटीच, तोंडावर ओढणी धरून. रिक्षावाला आरशातून बघत होता. इतका स्वच्छ, इतका चोख राग मला आयुष्यात कधी जमला नव्हता. वाऱ्याच्या देवाला मी पार्किंगमध्ये उभं केलं होतं. आईला कसं सांगायचं ते मी जुळवत होते, कुठल्या वाक्याला ती हसेल, पार्किंग शेवटी ठेवायचं की आधी. आई अशी खळखळून हसलेली बघून किती वर्षं झाली. आज हसेलच.

आई ऑफिसातून नुकतीच आली होती. साडी न बदलताच कणीक मळत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? काय म्हणाले, बसणार ना?"

"येणार आहेत."

"बसणार ना?"

"मी त्यांना अक्षत दिली."

आईचे हात परातीत थांबले. "कुणाला?"

"बाबांना. आणि त्यांनी घेतली, आई! दोन्ही हातांनी. मुहूर्त विचारला. पार्किंग आहे का, म्हणाले."

आई हसली नाही. बोटांना चिकटलेली कणीक ती सावकाश सोडवत होती.

"पाहुण्याला कुणी पाटावर बसवतं का? मग आता मी कुठे बसू?" तिने विचारलं.

मी घाईघाईने सांगायला लागले. ते जेवायला थांबणार नव्हते, पाठवणीला थांबणार नव्हते, तुला तिथे बसवून ते उठून जाणार होते, माफीसुद्धा माझ्याकडूनच वसूल करत होते. माझा आवाज चढत गेला तसा आईचा चेहरा बंद होत गेला. मग ती म्हणाली, "थांबणार नाहीत हे मला माहीत नसेल? मी ओळखते त्या माणसाला, तू नाही. मी विचार करून ठरवलं होतं, अनू. काय मिळणार, काय गिळायला लागणार, सगळं. तुला वाटतं मला राग येत नाही. तुला वाटतं आई म्हणजे नुसती पोळ्या लाटणारी. तू मला विचारलंस? एक फोन करायचा होता. ते न विचारता गेले. तू न विचारता देऊन आलीस. सारखे आहात दोघं. राग करायचा तुम्ही, आणि मागाहून ओटा पुसायचा मी."

शेवटचं वाक्य ती ओरडली. आमच्या घरात आई ओरडली. खिडकीशी बसलेलं कबुतर उडालं. मी पिशवी धरून तशीच उभी होते. दोरियाचा राग वाचताना मला एवढंच झोंबलं होतं की ती देवाची पोर म्हणून तिचा राग मोठा. समुद्र वर आला तेव्हा किनाऱ्यावरच्या त्या कढयांखालच्या चुली कुणाच्या विझल्या, हे लेखकाने लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. सबंध दुपार मी त्या बाईच्या बाजूने भांडत होते आणि तिचं नाव मलाही सुचलं नव्हतं. सॉरी म्हणावं असं वाटलं, पण तो शब्द इतका फुटकळ वाटला की मी तो गिळून टाकला.

आईने हात धुतले, पदराला पुसले, आणि ओट्यावरचा फोन उचलला. बोटं अजून दमट होती, नंबर पटकन लागेना. स्पीकरवर गुरुजींचा आवाज आला.

"गुरुजी, शशिकला बोलतेय, चारुताची आई. रविवारी कन्यादानाला मी बसणार आहे. एकटी."

"म्हणजे वहिनी, साहेब येणार नाहीत का?"

"येणार आहेत. ते पाहुणे आहेत."

"असं कसं वहिनी? मग मामा-मामी..."

"मामा जेवणाचं बघतील. मी बसणार. तुम्हाला जमत नसेल तर आत्ता सांगा, मी दुसरे गुरुजी बघते."

पलीकडे मिक्सर घरघरत होता. "विचारून सांगतो मी," गुरुजी म्हणाले.

"कुणाला विचारणार?"

मग ते कुणावर तरी चिडल्यासारखे म्हणाले, "बरं. बघू. बसा."

"बघू नाही. बसा म्हणालात, तेवढं पुरे," असं म्हणून आईने फोन ठेवला. तिच्या कपाळावरची शीर उठून आली होती, गालावर कणकेचा पांढरा डाग. मी तिला मिठी मारायला पुढे झाले तर तिने हाताने मला लांब केलं. तेवढ्यात जिन्यात चारूताईचा आवाज आला. फोनवर कुणाशी तरी बोलत, हसत, ती वर येत होती. बाबांशीच बोलत असावी, कारण तसं ती त्यांच्याशीच हसते.

"तिचे बाबा पाटावर बसणार नाहीत, हे तिला तू सांगायचंस," आई म्हणाली. "मी नाही. तू केलंयस."

बेल वाजली. आईने परात पुढे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उघड."